डिस्प्ले-बंद मामा

दुसऱ्याच्या घरातून निघताना तिथला दिवा मालवून जाणारा एक माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं, बिल त्याच्या नावाने येत नसतं आणि ज्या खोलीतला दिवा त्याने मालवला त्या खोलीत बहुतेक वेळा कुणीतरी जेवत असतं. हा माणूस पोस्टात असला की गोंदाच्या बाटलीत पाणी घालतो, शाळेत असला की खडूचे तुकडे डबीत साठवतो. आमच्या टेंभुर्णीत तो फोटोग्राफर झाला.

टेंभुर्णी म्हणजे जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. हे दर वेळी सांगावं लागतं, कारण टेंभुर्णी म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला सोलापूर जिल्ह्यातली, पुणे-सोलापूर हमरस्त्यावरची टेंभुर्णी आठवते. या माणसाने एकदा कॅमेऱ्याची जादा बॅटरी मागवली होती. ती आधी तिकडचा माढा तालुका फिरून आली. पार्सल हातात पडल्यावर त्याने आणणाऱ्या पोराला एकच प्रश्न विचारला, "रस्त्यात कोणी वापरली तं नाही ना?"

सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. यामुळे लग्नात घोटाळे होतात. अंतरपाटामागे नवरीचे सख्खे मामा उभे असतात, समोर कॅमेरा घेऊन हे मामा. गर्दीतून कुणी "मामा, जरा मागं सरका" म्हणून ओरडलं की दोघंही मागे सरकतात आणि नवरी मधल्या मध्ये एकटी पडते.

मामा ओळखू येतात ते कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या अंधारामुळे. हल्ली कुठल्याही फोटोग्राफरच्या मागे उभं राहिलं तर पडद्यावर मांडव दिसतो, झालर दिसते, आहेराचं पाकीट खिशात घालणारा वरबाप दिसतो. मामांच्या मागे उभं राहिलं की फक्त एक काळा चौकोन दिसतो. डिस्प्ले बंद. हे दोन शब्द त्यांच्या तोंडात इतके बसलेत की मांडवात एखादा पाहुणा फोनवर रील बघत बसला तरी जाता जाता मामा त्याला "डिस्प्ले बंद करा, पाव्हणं" म्हणून पुढे जातात. पाहुण्याला वाटतं, मंगलाष्टका सुरू होणार.

करवल्या येतात. "मामा, दाखवा ना कसा आला."

"चांगला आला."

"पण बघू तर द्या."

"अल्बममदी बघा."

अल्बम यायला तीन महिने असतात. तोवर करवल्यांचीही लग्नं ठरतात. मामांचा हिशेब असा की, एका करवलीला फोटो दाखवला की पाचजणींना दाखवावा लागतो, आणि पाचजणींना दाखवला की "ह्यात मी जाड दिसते, दुसरा काढा" हे ऐकावं लागतं. म्हणजे पाच वेळा डिस्प्ले लागला, वर पाच फोटो वाढले. बंद डिस्प्लेने विजेपेक्षा जास्त काहीतरी वाचतं, हे मामांना कधीच कळून चुकलंय.

हा स्वभाव आला कुठून, ते बघायला रोलच्या काळात जावं लागतं. मामांचा पहिला कॅमेरा याशिकाचा एफएक्स-३. त्याचं शटर चालायला वीज लागतच नसे. उजेड मोजणाऱ्या मीटरपुरते दोन बटण-सेल बुडाशी बसायचे, तेवढाच खर्च. मामांनी पहिल्या महिन्यातच ते सेल काढून कपाटात ठेवले. उजेड कसा मोजायचा, असं विचारलं तर म्हणायचे, "जालना जिल्ह्यात उन्हाला मीटर कशाला? समोरच्याचा घाम बघायचा." रोल ३६ फोटोंचा. त्यात साखरपुडा बसवायचा आणि शेवटचे दोन फोटो घाई करून आलेल्या आत्याबाईंसाठी राखून ठेवायचे. ज्याने अशी शिस्त पाळली त्याला पुढे कुणी सांगितलं की आता कार्डावर हजार फोटो बसतात, तर त्याला आनंद होत नाही. त्याला काळजी लागते.

सेलशिवाय भागतं याचा दाखला म्हणून मामा दादासाहेब फाळक्यांना मध्ये आणतात. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, तो हाताने दांडा फिरवून चालवायचा होता आणि त्यावरच 'राजा हरिश्चंद्र' चित्रित होऊन १९१३ मध्ये लोकांसमोर आला. हे सगळं खरं आहे. मामा त्यापुढे स्वतःचं एक वाक्य जोडतात, "सेल नव्हता, डिस्प्ले नव्हता, तरी हरिश्चंद्र दिसला का नाही?" या युक्तिवादाला टेंभुर्णीत अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

मग डिजिटल आलं आणि मामांच्या आयुष्यात सेल शिरले. तसं पाहिलं तर डिजिटलचा आणि सेलचा घरोबा पहिल्या दिवसापासूनचा. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, त्याला १६ सेल लागत. पुढे १९९५ मध्ये कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. पाठीवर पडदा असलेला, सामान्य गिऱ्हाइकाला घेता येईल असा हा पहिला कॅमेरा. चार पेन्सिल सेल घालायचे आणि पडद्यावर बघून फोटो काढायचा. डोळा लावायचं भोकच नव्हतं, त्यामुळे डिस्प्ले बंद करायची सोय नव्हती. तो कॅमेरा मामांच्या हाती लागला नाही, हे त्याचं नशीब.

मामांच्या हाती लागला तो पुढचा, भोकही असलेला आणि डिस्प्लेही असलेला छोटा डिजिटल. दिवस भारनियमनाचे. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास लाइन नसायची. आली तर आधी पिठाच्या गिरणीसमोर रांग लागायची आणि नंतर बोर्डात कुणाची पिन घालायची यावरून घरात भांडण. अशा दिवसांत साखरपुडा अर्ध्यावर आलेला असताना मामांचे चार सेल मान टाकायचे. अपराधी कोण, हे मामांनी लगेच ताडलं. पाठीवर रात्रंदिवस झगमगणारा तो डिस्प्ले. त्यांनी वायरमनकडून काळी टेप आणली आणि पडद्यावर आडवी-उभी चिकटवून टाकली.

सेल संपायचे तेव्हाच संपले.

कारण साधं आहे, पण मामांना ते पटायला एक लगीनसराई जावी लागली. त्या पडद्यामागे दिवा असतो आणि पडदा त्या दिव्यासमोरची जाळी. टेप लावल्याने उजेड आपल्या डोळ्यांपर्यंत येत नाही, पण आत दिवा तितकाच जळत राहतो. इतकंच काय, पडद्यावर अमावास्येच्या रात्रीचा काळाकुट्ट फोटो लावला तरी मागचा दिवा कमी खात नाही. शेवटी शाळेत जाणाऱ्या भाच्याने डिस्प्लेचं बटण दोनदा दाबून दाखवलं आणि पडदा खरोखर विझला. मामांनी भाच्याला धंद्यात घेतलं ते त्या दिवसापासून. टेपचं बंडल मात्र फेकलं नाही. ते पुढे परत उपयोगी पडणार होतं, किंवा पडणार नव्हतं.

मामांचा सुवर्णकाळ सुरू झाला तो डिजिटल एसएलआर आल्यावर. कॅनन ७००डी गळ्यात आला आणि मामांना वाटलं, आपल्यासाठीच कुणीतरी बसून हा बनवलाय. या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला उजेड आतल्या आरशावर आपटून वर जातो, वरच्या आरशांतून वळतो आणि थेट डोळ्यात येतो. मधे वीज कुठेच नाही. सेन्सर झोपलेला, डिस्प्ले झोपलेला; बटण दाबलं की आरसा क्षणभर वर होतो, सेन्सर जागा होतो, फोटो घेतो आणि पुन्हा झोपतो. कॅमेरा झोपेत, फोटोग्राफर जागा. मामांना याहून जास्त काय पाहिजे?

वर कंपनीचाच पुरावा होता. ७००डीची एक भरलेली बॅटरी भोकातून बघून ४४० फोटो देते आणि डिस्प्लेवर बघून १८०, असं कॅननने स्वतः छापलंय. शहरातल्या बड्या फोटोग्राफरांचा ५डी मार्क थ्री घेतला तर फरक आणखी मोठा, ९५० आणि २००. मामांनी हे चार आकडे स्टुडिओच्या भिंतीवर लिहून ठेवले. पासपोर्ट फोटोला आलेली माणसं ते बघून बावचळायची. एकाने तर मटक्याचे आकडे समजून टिपून नेले.

आकड्यांपाठोपाठ नियम आले. फोटो काढल्यावर तो आपोआप डिस्प्लेवर दिसतो, ते आधी बंद. डिस्प्लेचा ब्राइटनेस सगळ्यात खालच्या पायरीवर. कॅमेरा ३० सेकंदांत आपला आपण झोपला पाहिजे. ७००डीला त्याहून लवकर झोपवता येत नाही, ही मामांची तक्रार. बटण अर्धं दाबून धरायचं नाही, कारण अर्धं दाबलं की फोकसची मोटर फिरते आणि भिंगातला थरथर आवरणारा भाग घुमायला लागतो. शर्टाला चार खिसे: डाव्या खिशात भरलेल्या बॅटऱ्या, उजव्यात रिकाम्या, बाकी दोन्हीत सुपारी. एका लग्नात खिशांची अदलाबदल झाली तेव्हा मामा रिकामी बॅटरी घालून वरातीत उतरले आणि परण्या मारुतीच्या पारापाशी पोचेपर्यंत नुसतंच बटण दाबत राहिले. नवरदेव घोड्यावर बसून हसत राहिला. त्याला काय माहीत?

यातल्या प्रत्येक नियमाने खरोखर वीज वाचते, हे इथे कबूल केलं पाहिजे. मामा खुळे नाहीत. वाचवलेल्या विजेबरोबर आणखी काय काय जातं, एवढंच त्यांनी धरलेलं नव्हतं. एका हळदीच्या रात्री मांडवात उजेड कमी म्हणून त्यांनी कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, म्हणजे आयएसओ, वर चढवला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो उतरवायचा राहून गेला. डिस्प्ले चालू असता तर पहिल्याच फोटोला चूक दिसली असती. तो बंद होता. भोकाच्या तळाशी आकडे दिसतात, पण मामा आकडे बघत नाहीत, माणसं बघतात. अल्बम आला तेव्हा कन्यादानापासून सूनमुखापर्यंतचं सगळं वऱ्हाड पांढऱ्या धुक्यात उभं. मामांनी आठ दिवस स्टुडिओ उघडला नाही. शेवटी वरपक्षाकडून निरोप आला, "फोटो झकास. आमच्याकडचे सगळे गोरे आलेत. धाकट्याच्या लग्नालाही तुम्हीच या."

यामुळे मामांना सुधारायची एक चांगली संधी हुकली.

आता ते कंपनीचे आकडे कुठून येतात, ते सांगायला हवं. जपानमध्ये कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांची सीपा नावाची संघटना आहे. तिने २००३ साली बॅटरी मोजायची एक ठरलेली पद्धत घालून दिली. खोलीचं तापमान २३ अंश. दर ३० सेकंदांनी एक फोटो. एकाआड एक फोटोला फ्लॅश. झूम असला तर मधे मधे तो टोकापासून टोकापर्यंत फिरवायचा. दहा फोटो झाले की कॅमेरा बंद करून परत चालू करायचा. बॅटरी संपेपर्यंत हे असंच. भाच्याने हे वाचून दाखवलं तेव्हा मामा गप्प झाले आणि मग म्हणाले, "२३ अंशात लग्न कोण लावतं? आणि तीस सेकंदाला एक फोटो? तेवढ्यात आमच्याकडं आहेराची बारा माणसं स्टेजवरून उतरतात."

हसण्यासारखं वाटलं तरी या बोलण्यात मर्म आहे. लग्नात मामा अक्षता पडताना दहा सेकंदांत वीस फोटो खेचतात आणि बॅटरीला त्याचं फारसं काही वाटत नाही. म्हणून कामाच्या धुमाळीत ४४०च्या बॅटरीवर कितीतरी जास्त फोटो निघतात. उलट फोटो न काढता कॅमेरा नुसता चालू ठेवला, पडदा पेटता ठेवला, तर एकही फोटो न निघता ती संपते. बॅटरी जळते ती पडदा किती वेळ पेटलाय त्यावर. फोटोला तिचा थोडा घास लागतो, वाट बघायला मोठा.

आणि वाट बघण्याच्या बाबतीत मराठवाड्यातल्या लग्नाचा हात कोण धरणार? पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त छापलेला असतो. १२ वाजून ३५ मिनिटांनी नवरदेव पारावर असतो, व्याही मानपानावर असतात, ब्राह्मण माइकवरून "मामांनी मुलीला घेऊन यावं" असं तिसऱ्यांदा सांगत असतात आणि डीजे थांबायला तयार नसतो. मग सत्कार. मग पुढाऱ्यांची शुभेच्छापर भाषणं. एक पुढारी अजून यायचा असतो म्हणून बाकीचे पुढारी थोडं लांबवतात. अडीच वाजता अक्षता पडतात. या दोन तासांत शहरातून आलेल्या फोटोग्राफरचा डिस्प्ले पेटलेला असतो. मामांचा कॅमेरा झोपलेला असतो आणि कधी कधी मामाही.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी मात्र मामांना हिशेबात पकडायचं ठरवलं. त्यांनी ७००डीची बॅटरी हातात घेतली, तिच्यावरचे आकडे वाचले आणि पाटीवर मांडलं: ७.२ व्होल्ट, ११२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे एका बॅटरीत सुमारे ८ वॉट-तास. १००० वॉट-तासांचं एक युनिट. चार्जरमधली गळती धरूनसुद्धा एका युनिटात शंभरेक बॅटऱ्या भरतात. एका लग्नाला दोन बॅटऱ्या धरल्या तर पन्नास लग्नांची अख्खी लगीनसराई मामा एका युनिटात उरकतात. गुरुजींनी चष्मा वर केला. "म्हणजे मामा, तुम्ही जन्मभर डिस्प्ले बंद ठेवून फार तर काही कप चहाचे पैसे वाचवले."

मामांनी सुपारी कातरली. "गुरुजी, पैशाचं कोण बोलून राह्यलं? तुमचं युनिट घरी हाये. मी मळ्यात हाये, मांडवात, रात्री अकराला, लाइन गेलेली, पोरगी निघायली सासरी. तिची माय तिच्या गळ्यात पडली. तवा बॅटरी लाल झाली तं तुमचं ते युनिट घेऊन येता का पळत?"

गुरुजींनी पाटी पुसली. बिलावर विजेची किंमत युनिटात लिहिलेली असते. पण लाइन जाणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ती वेळेत लिहिलेली असते. बोर्डात पिन घातली की वीज मिळणारच, हा भरवसा ज्याला लहानपणी मिळाला नाही, तो पन्नाशीतही बॅटरीचा एक दांडा कमी झाला की घर गाठतो. मामांच्या कंजूसपणाला गाव हसतं ते हे विसरून.

यानंतर भाचा मोठा झाला आणि त्याने मिररलेस आणला. सोनीचा ए-सेव्हन थ्री, जुना पण चांगला. "मामा, आता एसएलआर संपलं," तो म्हणाला. मामांनी नव्या कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावला, समाधानाने मान हलवली आणि डिस्प्ले बंद केला. पहिल्याच लग्नात दुपारी तीनपर्यंत दोन्ही बॅटऱ्या खलास.

मामांनी आधी बॅटरीवर संशय घेतला, मग चार्जरवर, मग भाच्यावर. शेवटी भाच्याने त्यांना खाली बसवून सांगितलं की, मिररलेस म्हणजे आरसाच काढून टाकलेला कॅमेरा. आरसा गेला म्हणजे भोकातून थेट उजेड यायची वाट गेली. आता त्या भोकाच्या आत एक इवलासा पडदा बसवलाय आणि सेन्सरला जे दिसतं ते तो पडदा दाखवतो. म्हणजे कॅमेरा चालू आहे तोवर सेन्सर जागा, प्रोसेसर जागा आणि दोनातला एक पडदा पेटलेला. फुकटचं भोक आता राहिलं नाही.

"पण आतला पडदा लहान हाये ना? मंग कमी खाईल," मामा म्हणाले.

इथेच मामांच्या जन्माची पुंजी बुडाली. पाठीवरचा पडदा तीन इंची आणि ठिपके सव्वानऊ लाख. भोकातला पडदा अर्धा इंची आणि ठिपके साडेतेवीस लाखांवर. नवरदेव नाचताना चित्र अडखळू नये म्हणून असले पडदे सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतात, काही कॅमेऱ्यांत एकशे वीस वेळा, आणि जितक्या वेळा बदलतील तितकं जास्त खातात. कंपनीचाच आकडा सांगतो: पाठीवरच्या पडद्यावर बघून ७१० फोटो, भोकातून बघून ६१०. २०१३ साली आलेल्या पहिल्या ए-सेव्हनचे असेच ३४० आणि २७०. ज्या भोकाला मामांनी काटकसर म्हणून आयुष्यभर डोळा लावला, तेच भोक आता उधळं निघालं होतं.

पण नुसत्या शंभर फोटोंच्या फरकाने दोन बॅटऱ्या दुपारी संपत नाहीत. आणखी कुणीतरी वीज खात होतं. ते मामांचं पोट होतं.

नव्या कॅमेऱ्यात भोकापाशी एक छोटा सेन्सर असतो. काहीतरी जवळ आलं की तो समजतो, डोळा आला. मग पाठीवरचा पडदा विझवतो आणि आतला पेटवतो. डोळा आणि पोट यांतला फरक त्याला कळत नाही. मामा कॅमेरा गळ्यात लटकवून मुहूर्ताची वाट बघत उभे राहतात आणि लगीनसराईच्या बुंदीने पुढे आलेलं त्यांचं पोट बरोबर त्या सेन्सरवर टेकतं. त्यात भाच्याने "सारखा झोपतो" म्हणून कॅमेऱ्याच्या झोपेची वेळ वाढवून ठेवलेली. बारा पस्तीसपासून अडीचपर्यंत साडेतेवीस लाख ठिपके मामांच्या शर्टाचं बटण बघत होते.

मामांना हे कळल्यावर त्यांनी कपाटातलं टेपचं बंडल काढलं. सेन्सरवर काळी टेप लावली. आता तो काही बघणार नाही, म्हणजे काही पेटवणार नाही, असा त्यांचा हिशेब. सेन्सरला वाटलं, कुणीतरी डोळा लावून बसलंय आणि उठायलाच तयार नाही. पाठीवरचा पडदा कायमचा मेला, आतला कायमचा पेटला. तिसरी बॅटरी दीड वाजता संपली. आयुष्यात दोनदा टेप लावली, दोन्ही वेळेला टेपखाली दिवा जळत राहिला, एवढा इतिहास मामांच्या नावावर जमा आहे.

भाच्याने मग मेनूत जाऊन सेन्सरचं काम बंद केलं, पाठीवरचाच पडदा चालू ठेवला आणि कॅमेरा लवकर झोपेल अशी वेळ लावली. वायफाय, ब्लूटूथ बंद केलं. राहिलं ऊन. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीपार असतो आणि उघड्यावर पाठीवरच्या पडद्यात स्वतःचंच तोंड दिसतं. त्यावर कॅमेऱ्यात खास उन्हासाठी पडदा जास्तीत जास्त उजळ करायची सोय आहे. मामांनी ती वापरायची म्हणजे जन्माचं व्रत मोडल्यासारखं झालं असतं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला, स्वतःच्या डोक्यावर आणि कॅमेऱ्यावर टाकला आणि आत शिरून फोटो काढू लागले. शंभर वर्षांपूर्वी पेटीकॅमेऱ्यावाले काळ्या कपड्यात डोकं घालत, तसे. गावातल्या म्हाताऱ्यांना बरं वाटलं. नवरीच्या लहान भावाने टॉवेल वर करून आत डोकावलं आणि "मामा, डिस्प्ले चालू आहे" अशी बोंब ठोकली. मांडव हादरला.

गेल्या लगीनसराईत शहरातून एक प्री-वेडिंगवाली तरुण टोळी एका मोठ्या लग्नाला आली होती. तीन मिररलेस, एक ड्रोन, पाठीला पिशव्या, प्रत्येक पडदा पूर्ण उजेडावर. मुहूर्त लांबला, पुढारी आले, पुढारी गेले, लाइन गेली, जनरेटरवाल्याचं डिझेल संपलं. सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला त्यांचा शेवटचा कॅमेरा विझला. त्यातला एक मुलगा मामांकडे आला. "काका, एक बॅटरी द्याल का?" मामांनी लगेच डाव्या खिशातून भरलेली बॅटरी काढून दिली; या माणसाने वीज कधी उधळली नसली तरी कुणाला नाकारलेली नाही. बॅटरी बसली नाही. वेगळी कंपनी, वेगळा आकार. मामांनी ती परत खिशात ठेवली, उरलेली चार पावलं टॉवेलखालून एकट्याने काढली आणि नंतर ते फोटो त्या पोरांना पेन ड्राइव्हमध्ये फुकट दिले. पेन ड्राइव्ह मात्र परत मागितला.

मामा जे नियम पाळत आले त्यांतले निम्मे नव्या कॅमेऱ्याने खोटे ठरवले, आणि तरीही लगीनसराईत शेवटचा फोटो बहुतेक त्यांचाच असतो. कारण कॅमेरा कुठलाही असो, त्याचा पडदा कधी पेटतो आणि कुणासाठी पेटतो, यावर लक्ष ठेवणारा माणूस त्याच्या मागे उभा असतो. डिस्प्ले सारखा बंद ठेवू नये, दर दहा-वीस फोटोंनी एकदा तरी बघावं, हे मामांना आता पटलंय. ते बघतात. टॉवेलखाली, दोन सेकंद, कुणाला न दाखवता.

तेव्हा घरात लग्न निघालं असेल तर एक ऐका. फोटोग्राफरला दर विचारा, अल्बमची पानं विचारा, ड्रोन आहे का विचारा. पण सगळ्यांत आधी बॅटऱ्या किती आणि वाट बघताना डिस्प्ले बंद ठेवता का, ते विचारा. आणि तुमच्या हातातलं एक काम तुम्ही करा. पत्रिकेत जो मुहूर्त छापलाय त्याच मुहूर्ताला अक्षता पडू द्या. पुढाऱ्यांना जेवणाच्या वेळेला बोलवा. कॅमेऱ्याची निम्मी बॅटरी तिथेच वाचते.